आर्वीच्या टीव्ही दुरुस्ती दुकानात बीबीसी मायक्रो

१९८४ च्या सुमारास ‘क्लास’ या सरकारी संगणक साक्षरता प्रकल्पातून देशातील शाळांना जे बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले, त्याच जातीचा एक मला भंगारवाल्याकडे ६०० रुपयांत मिळाला आणि तो मी आर्वीतील एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने यंत्राला लगेच वीज दिली नाही, यातच त्याची जाण दिसली. कारण या संगणकाच्या पॉवर सप्लायमधील कागदी फिल्टर कपॅसिटरच्या (विजेतील गोंगाट गाळणाऱ्या भागाच्या) कवचाला कालांतराने तडे जातात, आत ओलावा शिरतो आणि बटण दाबताच उग्र वासाचा धूर निघतो. त्याने ते कपॅसिटर बदलले, सॉकेटमधील चिप्स काढून पुन्हा नीट बसवल्या आणि कळफलकात साचलेली धूळ व कापसाचे तंतू (आमच्याकडे ते कुठेही शिरतात) आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले.

९०० रुपये मजुरी रास्त वाटली. मात्र आठ दिवसांचा वायदा पाच आठवड्यांवर गेला आणि काढलेले भाग मागूनही मिळाले नाहीत. घरच्या जुन्या टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडून यूएचएफ या टीव्ही प्रक्षेपणाच्या पट्ट्यातील ३६ वे चॅनल लावले, तेव्हा दोन सूर वाजून पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही ओळ उमटली. दोन कळा अजून अडकतात. त्यासाठी कापूस वेचणी आटोपल्यावर तो संगणक पुन्हा तिथेच नेणार आहे.