बंद पडलेल्या लॅपटॉपमधले खाजगी फोटो घरीच काढले: साटा केबल, फोटोरेक आणि टेस्टडिस्क, माझा अनुभव

आधी मार्क देऊन टाकते. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलला पाचपैकी चार, आणि फायली परत काढणाऱ्या दोन प्रोग्रामपैकी फोटोरेकला साडेतीन, टेस्टडिस्कला पूर्ण पाच. फोटोरेकचे दीड मार्क का कापले ते खाली येईलच, पण त्यामुळे ते वापरू नका असं अजिबात नाही, माझे निम्मे फोटो त्यानेच काढून दिलेत.

झालं असं की जुना लॅपटॉप एका संध्याकाळी बंद पडला तो पडलाच. चार्जरचा लाईट लागायचा, बाकी काही नाही, पंखा फिरत नाही, स्क्रीन काळी. आधी वाटलं फक्त स्क्रीन गेली असेल, म्हणून एचडीएमआयची वायर टीव्हीला लावून बघितली (हे सगळ्यात आधी करा, कारण नुसती स्क्रीन गेली असेल तर टीव्हीवर सगळं दिसतं आणि पुढचं काहीच करावं लागत नाही), पण टीव्हीवर पण काही आलं नाही. म्हणजे बोर्ड (आतला मुख्य मदरबोर्ड) गेला.

आता त्यात होतं काय, तर मुलीच्या जन्माच्या वेळचे फोटो, आणि आईच्या ऑपरेशननंतर दोन महिने रोज ड्रेसिंग करताना काढलेले जखमेचे फोटो, डॉक्टरांना फरक दाखवायला म्हणून काढलेले. असे फोटो आपण घरातल्या घरात पण सगळ्यांना दाखवत नाही. रिपेअरिंगच्या दुकानात नेला तर काउंटरवरच्या माणसाने कव्हर पण न उघडता सांगितलं, पासवर्ड लिहून द्या आणि ठेवून जा. मी विचारलं बोर्ड बघायला पासवर्ड कशाला, लॅपटॉप चालूच होत नाहीये, तर म्हणे सगळ्यांचाच घेतो. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस गं, राहिले तरी चालतील, पण कुणाच्या हाती नकोत."

ही भीती उगाच नाहीये. कॅनडातल्या ग्वेल्फ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मुद्दाम, काय काय उघडलं त्याची नोंद ठेवणारे लॅपटॉप दुरुस्तीला देऊन बघितले होते, तो अभ्यास २०२२ मध्ये बाहेर आला, १२ दुकानांच्या नोंदी हाती आल्या, त्यातल्या ६ ठिकाणी खाजगी डेटा उघडून बघितला गेला होता आणि २ ठिकाणी तर तो कॉपी पण केला होता. सगळे दुकानदार असे नसतात हे मला पण माहितीये, पण आपल्या वाट्याला कोण येईल हे बाहेरून कळत नाही ना.

तर मुद्द्याचं. लॅपटॉप गेला म्हणजे डिस्क गेली असं नसतं. बोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड, चार्जिंगचा पॉइंट यातलं काहीही गेलं तरी फोटो डिस्कवर तसेच पडून असतात, फक्त ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायला काहीतरी लागतं. ते म्हणजे ही केबल, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला डिस्कला लागणारा साटाचा चपटा कनेक्टर.

पण केबल मागवायच्या आधी लॅपटॉप उघडून आत काय आहे ते बघा, नाहीतर भलतंच मागवाल. जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्क असते, पत्त्यांच्या कॅटपेक्षा जरा मोठी चपटी डबी, तिला ही केबल चालते. नवीन लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी असते, त्यात पण साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, दिसायला जवळजवळ सारखे, म्हणून वरचं लेबल वाचून त्याच प्रकारचा एन्क्लोजर (पट्टी आत बसवून यूएसबीला जोडायची डबी) घ्यायचा, एनव्हीएमई पट्टी साटाच्या एन्क्लोजरमध्ये चालणार नाही. आणि काही पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये फायली साठवणारी मेमरीच थेट बोर्डवर चिकटवलेली असते, तिथे केबलचा उपयोगच नाही, ॲपलच्या एम चिपवाल्या मॅकबुकचं पण तसंच, आणि त्यात वर डेटा त्या चिपलाच बांधून एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेला असतो, म्हणजे तिथे बोर्ड जिवंत करण्याशिवाय मार्ग नाही.

उघडताना दोन गोष्टी. चार्जर काढायचा, कव्हर उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि मगच बाकी कशाला हात लावायचा. आणि स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, मी कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथला तिथेच चित्रावर टोचून ठेवला, आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर बोर्डला भोक पडू शकतं.

केबल साधी आहे, बिनब्रँडची, यूएसबी ३. यूएसबी ३ च घ्या, जुनं २ नको, कारण ५०० जीबीची फिरती डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तर दीड तासात होते, तेच यूएसबी २ वर चार तासांच्या आसपास जातात, आणि डिस्क आजारी असेल तर तिला जितका कमी वेळ फिरवाल तितकं चांगलं. २.५ इंची डिस्कला यूएसबीमधूनच करंट पुरतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही, डेस्कटॉपच्या ३.५ इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात त्यामुळे तिला नुसती ही केबल चालणार नाही. एक मार्क कापला तो वायर फार आखूड आहे म्हणून, डिस्क दुसऱ्या, चालू लॅपटॉपच्या कडेला लोंबकळते, आणि फिरणारी डिस्क हलली तर काय होईल या विचाराने मी खाली पुस्तकांची चळत लावून तिला सपाट बसवली. अजून एक, पहिल्यांदा मी यूएसबी हबमध्ये लावली तर डिस्क फिरायची आणि दहा सेकंदात गायब व्हायची, मला वाटलं संपलं सगळं. थेट त्या चालू लॅपटॉपच्या पोर्टात लावली तर नीट चालली, हबमधून करंट पुरत नव्हता एवढंच.

जोडल्यावर विंडोजने दोन ड्राइव्ह दाखवले. एक उघडला. दुसरा, ज्यात फोटो होते तोच, त्याला हात लावला तर विंडोज म्हणतं आधी फॉरमॅट करावा लागेल, करू का. इथे कॅन्सल करायचं. हे मी शंभर वेळा सांगेन, इथे घाबरून हो म्हणणारे लोक मी बघितलेत. फॉरमॅट करायचं नाही, डिस्क चेक करून दुरुस्त करू का असं विचारलं तर ते पण नाही, कारण दुरुस्ती म्हणजे त्याच डिस्कवर काहीतरी लिहिणं. जो ड्राइव्ह उघडला त्यात सुद्धा माझ्या जुन्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही, कंटिन्यू करा असं येत होतं, ते कंटिन्यू दाबलं की विंडोज प्रत्येक फाइलची परवानगी बदलत बसतं, म्हणजे पुन्हा लिहिणंच. चांगल्या डिस्कला काही होत नाही, पण आपली चांगली आहे की नाही हे तेव्हा माहीत नसतं. म्हणून मी पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) चालू केलं, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय वालं, त्यात विंडोजच्या परवानग्या आड येत नाहीत.

मग आधी पूर्ण डिस्कची नक्कल काढली, डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने. याची खासियत अशी की जो भाग सहज वाचता येतो तो आधी उचलतो, खराब जागी अडकून बसत नाही, तिथे नंतर परत येतो, आणि कुठवर आलो त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो, म्हणून मध्ये लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. फक्त ती नोंदीची फाइल पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या उबुंटूत नको, बाहेरच्या डिस्कवरच ठेवा. माझी ५०० जीबीची नक्कल १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर रात्रभर चालली, शेवटी काही एमबी वाचलेच नाहीत, बाकी सगळं आलं. यापुढे जे केलं ते सगळं नक्कलेवर. मूळ डिस्क काढून पाकिटात घालून कपाटात.

आता फोटोरेक. हे पण फुकट, ओपन सोर्स. काळ्या स्क्रीनवर बाणाने खाली वर करायचं असं दिसणं, पण अवघड नाही. ते फोल्डर बिल्डर काही बघतच नाही, सरळ डिस्कचे बाइट वाचत जातं आणि जेपीजीची सुरुवात ज्या ठरलेल्या खुणेने होते ती दिसली की तिथून फाइल उचलतं. त्यामुळे ड्राइव्ह उघडत नसला, क्विक फॉरमॅट झाला असला तरी बऱ्याचदा फोटो मिळतात. फाइल ऑप्शनमध्ये जाऊन सगळे प्रकार बंद करून फक्त हवे तेवढे चालू ठेवा नाहीतर हजारो फालतू फायली येतील.

दीड मार्क कापला तो यासाठी. एक तर नावं सगळी जातात, प्रत्येक फोटोला एफ आणि पुढे लांबलचक आकडा असलं नाव, फोल्डर पण नुसते नंबरचे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या आत एक्झिफ नावाच्या लपलेल्या नोंदीत तारीख असते त्यावरून लावता येतात, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली ती माहिती आधीच उडालेली असते, आईचे निम्मे फोटो भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले होते, ते आता जखमेकडे बघून दिवस ओळखायचे. दुसरं, एखादा फोटो डिस्कवर तुकड्या तुकड्यात साठवलेला असेल तर फोटोरेकला पुढचा तुकडा नेहमी सापडत नाही, मग वरचा भाग नीट आणि खाली राखाडी पट्टा. माझ्या मुलीचा एक फोटो कपाळापर्यंतच आहे.

आणि तिसरी गोष्ट, जिचा मी आधी विचारच केला नव्हता. हा लॅपटॉप माझ्याकडे यायच्या आधी चार वर्षं ताईकडे होता. तिने देताना तिचं सगळं डिलीट करून दिलं होतं. फोटोरेकला डिलीट केलेलं आणि ठेवलेलं यातला फरक कळत नाही, त्याने ते पण वर काढलं. छोट्या चौकोनांमध्ये तिचा चेहरा दिसल्यावर मी फोल्डर बंद केला आणि तिला फोन लावला.

"ताई, तुझे जुने फोटो आलेत यात. मी उघडले नाहीयेत, तू ये आणि तूच बघ."

ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ते तर मी पुसले होते की गं."

शनिवारी आली, मी बाहेरच्या खोलीत बसले, तिने एकटीने तासभर बसून वेगळे केले, दोन पेनड्राइव्हवर घेऊन गेली, बाकीचे स्वतःच्या हाताने उडवले. तेव्हा कुणाचाही वापरलेला लॅपटॉप असेल तर पहिल्या नजरेला एकटेच बसा, मागे मुलं उभी नकोत, आणि ज्याचे फोटो त्याला आधी विचारा.

टेस्टडिस्क हे फोटोरेकचंच भावंड, एकाच डाउनलोडमध्ये दोन्ही येतात. मी उलट्या क्रमाने केलं, तुम्ही टेस्टडिस्क आधी करा. ड्राइव्हची वरची रचना बिघडलेली असली तरी ते बऱ्याचदा आतली यादी वाचू शकतं, फोल्डर आणि फायली नावासकट दाखवतं, आणि तिथूनच दुसरीकडे कॉपी करता येतात. माझं "आई ड्रेसिंग" नावाचं फोल्डर नावासकट, तारखांसकट समोर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून आईला हाक मारली. त्यात जे नव्हते तेवढेच मग फोटोरेकच्या ढिगातून घेतले.

कुठे हे चालणार नाही ते पण सांगते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, ते बहुतेक आतलं, डेटा वाचणारं हेड गेल्याचं लक्षण आहे आणि दर वेळी डेटा खरवडला जाऊ शकतो, डिस्क घरी उघडायची तर अजिबात नाही, तिथे क्लीन रूमवालेच (धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणारे) लागतात. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत पाणी धरतं. एसएसडीवरून डिलीट केलेले फोटो बहुतेक परत येत नाहीत, ट्रिम नावाच्या सोयीमुळे त्या जागा आतून मोकळ्या केल्या जातात (डिलीट न केलेले मात्र नेहमीसारखे कॉपी होतात). आणि नवीन विंडोज लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती नसेल तर फोटोरेकला काहीही दिसणार नाही. ती बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पडलेली असते, लॅपटॉप चालू आहे तोवर, म्हणजे आजच, बघून कागदावर लिहून ठेवा.

फोटो काढून कुठे टाकताय तिकडे पण लक्ष द्या. डेस्कटॉपवर किंवा पिक्चर्समध्ये टाकले आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर ते सगळे आपोआप इंटरनेटवर चढतात, एवढं जपून दुकानात दिलं नाही त्याचा काय उपयोग. मी बाहेरच्या डिस्कवर व्हेराक्रिप्ट नावाच्या प्रोग्रामने एक कुलूपबंद फाइल केली, त्यात सगळे ठेवले, पासवर्ड मला आणि भावाला माहितीये, आणि तशीच दुसरी प्रत त्याच्या घरी.

जुनी डिस्क अजून कपाटात आहे. तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहून मगच टाकायची, नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट करून नाही, तसं पुसणं किती कच्चं असतं ते ताईच्या फोटोंवरून कळलंच. पण आई म्हणते दोन्ही प्रती एकदा उघडून बघ, सगळे फोटो मोज, मग पूस. या रविवारी मोजायला बसणार आहोत.