काँगाचा ऑनलाइन कोर्स: तुंबाओ झकास, पुढे नुसती घाई

तीन महिने झाले काँगाचा (हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल) हा कोर्स करतोय, आणि खरं सांगू का, पहिले दोन आठवडे नुसतं डाव्या हाताचं टाच-बोटं टाच-बोटं करण्यातच गेले, पण सरांनी ते इतकं हळू आणि वरून कॅमेरा लावून दाखवलंय ना की तुंबाओ (काँगाचा मूळ ठेका) शेवटी बसलाच, दुसऱ्या बीटवर स्लॅप (फटकन वाजणारी थाप) आणि चौथ्याला दोन ओपन टोन (मोकळ्या, घुमणाऱ्या थापा). स्लॅप अजून फटकन निघत नाही, तळहात मात्र लाल! क्लावे (ज्यावर सगळं बसतं तो पाच ठोक्यांचा नमुना) तोंडाने म्हणत वाजवायला लावतात ते बेस्ट. पण ग्वाग्वांको (क्युबन रुंबाचा एक प्रकार) एकाच व्हिडिओत उरकलाय राव. त्यातले सालिदोर, त्रेस दोस, किंतो हे तिन्ही ढोल वेगवेगळे ऐकवायला हवे होते, आणि रुंबा क्लावेत सोन क्लावेपेक्षा (क्लावेचा दुसरा प्रकार) तीन ठोक्यांच्या बाजूचा शेवटचा ठोका अर्ध्या बीटने उशिरा पडतो हे तर सांगितलंच नाही, मी आपला सोन क्लावेच धरून बसलेलो.