ई-बर्ड ॲप : पूर्ण यादीचा आग्रह धरणारी पक्षीनोंद

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या साथीने २००२ मध्ये सुरू केलेली ई-बर्ड ही पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवणारी मोफत सेवा आपल्याकडील पक्षीनिरीक्षकांमध्ये आता चांगलीच रुळली आहे.

नोंद पाठवण्यापूर्वी ॲप विचारते, की ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आले आहेत का? माझ्या मते या सेवेचे खरे मोल या एका प्रश्नात आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर जाणारी मंडळी रोहित पक्षी हौसेने नोंदवतात, पण काठावरची टिटवी, वंचक, साळुंकी सोडून देतात. अशा यादीवरून टिटवी तिथे नव्हतीच, की कोणी लिहिली नाही, हे कळायला मार्ग नसतो. यादी पूर्ण असली आणि सोबत वेळ व चाललेले अंतर नोंदलेले असले, तर दर शंभर याद्यांपैकी कितींमध्ये टिटवी आहे, हे वर्षानुवर्षे ताडून पाहता येते.

संख्येचा रकानाही तितकाच मोलाचा आहे. दोन पाणथळींवर प्रत्येकी वीस जाती असल्या, पण एकीवर बहुतेक सगळे पक्षी एकाच जातीचे असले, तर दोन्हींची विविधता सारखी ठरत नाही. विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक जातींच्या संख्येबरोबर ही विभागणीही हिशेबात धरतो. म्हणून आकड्याऐवजी ‘एक्स’, म्हणजे पक्षी दिसला पण मोजला नाही, असे टाकण्याची सवलत मला खटकते.

मोजणीवाचून काय हुकते, हे गिधाडांनी दाखवून दिले आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्याकडे आधीच्या मोजण्या होत्या, म्हणून १९९० च्या दशकातील घसरण उघड झाली. पुढे गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध तिचे कारण ठरले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर मेलेली गुरे फस्त करणारे पक्षी जवळजवळ संपले होते आणि त्या मांसावर भटकी कुत्री पोसली जात होती.

ई-बर्डवरील नोंदींच्या आधारे भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ मध्ये निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. मात्र दीर्घकालीन कल त्यांपैकी ३३८ जातींचाच काढता आला. याद्या शहरांभोवती आणि नावाजलेल्या पाणवठ्यांवर गर्दी करतात, ही या सेवेची मोठी उणीव आहे. ती ॲपमधील सुधारणेने भरून निघणारी नाही. त्यासाठी माळरानावरून, शेताच्या बांधावरून आणि ऐन पावसाळ्यातही पूर्ण याद्या यायला हव्यात. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर पाठवता येते.