फिलिपिनो नर्सने मायदेशी थांबावं की बाहेर जावं? आणि जायचं तर कुठे?

नर्सिंगची चार वर्षांची पदवी, त्यावर नर्सच्या परवान्यासाठी बोर्डाची परीक्षा, आणि एवढं करून मनिलाच्या खासगी हॉस्पिटलात हातात काय पडतं? जुलै 2025 पासून मनिला महानगरात किमान वेतन दिवसाला 695 पेसो आहे. महिन्याचे 26 दिवस धरले तर साधारण 18 हजार पेसो, म्हणजे आपले 27 हजार रुपये. अनेक खासगी हॉस्पिटलांत नव्या नर्सचा पगार याच्याच आसपास घुटमळतो. मनिलाबाहेर तर याहूनही कमी.

सरकारी नोकरीचं चित्र मात्र वेगळं आहे, आणि बाहेर जाण्याच्या चर्चेत ते बहुतेकदा विसरलं जातं. सरकारी नर्सला वेतनश्रेणी 15 द्यावी, असं तिथल्या 2002 च्या नर्सिंग कायद्यातच लिहिलं होतं. तरी वर्षानुवर्षं श्रेणी 11 वर बोळवण झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते कलम वैध ठरवलं आणि 2020 पासून श्रेणी 15 लागू झाली. आज सुरुवातीचा सरकारी पगार 40 हजार पेसोंच्या घरात आहे, खासगीच्या दुपटीहून जास्त. अडचण एकच, कायम जागा थोड्या. त्यांना तिकडे ‘प्लांतिया’ म्हणतात. कंत्राटावर घेतलेली नर्स तेच काम करते, पण रजा, बोनस, निवृत्तीचे लाभ तिला नाहीत. ज्या मुलीच्या हातात प्लांतियाची ऑर्डर आहे, तिने निव्वळ पगारासाठी आखातात जाऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

कारण आखाताचा हिशेब सरळ आहे. सौदीत सुरुवात चार हजार रियालच्या आसपास होते, म्हणजे साधारण 60 हजार पेसो. आयकर नाही, राहायला जागा मिळते, तिकीटही मिळतं. खासगीत 18 हजारांवर राबणाऱ्या नर्सला ही तिप्पट उडी आहे; घरचं कर्ज फेडायचं, भावंडांची फी भरायची तर सर्वांत लवकर पैसा इथूनच येतो. पण नोकरी संपली की मुक्काम संपला. दहा वर्षं काढली तरी तो देश आपला होत नाही. प्लांतियावाली 20 हजारांच्या फरकासाठी पेन्शन आणि घर दोन्ही सोडते, तो सौदा मला पटत नाही.

जर्मनीचा रस्ता सर्वांत लांबचा वाटतो, पण खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आहे. दोन्ही सरकारांच्या करारातून 2013 पासून ‘ट्रिपल विन’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात भाषेचा वर्ग आणि प्रवास यांचा भार जर्मन मालक उचलतो. नर्सकडून फी घेतली जात नाही. निघण्याआधी बी-1, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन यावी लागते. तिथे पोचल्यावर पदवीला मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं.

खरा धक्का वॉर्डात बसतो. फिलिपिन्समध्ये रुग्णापाशी घरचं कुणीतरी ‘बांताय’ म्हणून बसलेलं असतं. पुसून काढणं, भरवणं, बेडपॅन देणं हे बरंचसं तोच करतो. आपल्याकडे पेशंटजवळ मावशी नाहीतर सून थांबते, तसंच. जर्मनीत हे सगळं नर्सचं काम. उलट शिरेत सुई लावणं, जे ती मनिलात डोळे मिटून करायची, ते तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आयसीयूतून आलेल्या नर्सला सकाळी सहा वाजता आजोबांना आंघोळ घालताना आपण खाली उतरलो असं वाटतं. मला ते काम कमी दर्जाचं वाटत नाही, पण निर्णय घेण्याआधी ते माहीत असलंच पाहिजे. महाराष्ट्रानेही 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आहे. त्या वाटेने निघालेल्या आपल्या मुलींनाही हे लागू आहे.

इंग्लंडला नवी भाषा शिकावी लागत नाही, आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पुरते. पुढे कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिकांची ऑस्की. सुरुवातीचा पगार 2025-26 मध्ये वर्षाला 31,049 पौंड. आकडा मोठा दिसतो. कर, पेन्शन आणि भाडं वजा केल्यावर घरी पाठवायला किती उरतं ते शहरावर ठरतं, आणि लंडनमध्ये फार उरत नाही. शिवाय परदेशी नर्सची भरती तिथे खूप आटली आहे, आणि कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव सरकारने मे 2025 मध्ये मांडला. तीन वर्षांपूर्वी मी इंग्लंड आधी सुचवलं असतं, आज जर्मनी सुचवेन.

अमेरिकेत पैसा सर्वांत जास्त. तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार नोंदणीकृत नर्सचं मध्यक वेतन 2024 मध्ये वर्षाला 93,600 डॉलर होतं. नर्स ईबी-3 या नोकरीवर आधारित कायम वास्तव्याच्या व्हिसावर गेली तर ग्रीन कार्ड सुरुवातीलाच मिळतं, नवरा-मुलंही सोबत जातात. एनक्लेक्स ही तिथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा मनिलातच देता येते. मात्र व्हिसाच्या रांगेत काही वर्षं जातात. फिलिपिनो नर्सची रांग भारतीयांपेक्षा खूपच छोटी आहे. आपल्या नर्सला हाच व्हिसा हवा असेल तर दशकाहून अधिक थांबण्याची तयारी हवी, तेव्हा फिलिपिनो मैत्रिणीचं वेळापत्रक आपलं समजू नये.

आणि अमेरिकेचा करार ओळ न् ओळ वाचा. मुदतीआधी नोकरी सोडल्यास दंड, हे कलम त्यात असू शकतं. न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो नर्सना असाच 25 हजार डॉलरचा दंड लावणारा करार होता. 2019 मध्ये फेडरल न्यायालयाने तो मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. नर्सच्या बाजूने निकाल लागला खरा, पण त्यासाठी खटला लढावा लागला. तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: दंडाची रक्कम, आठवड्याचे हमी दिलेले तास, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या हॉस्पिटलात. एजंट यातलं एकही लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरा एजंट बघा.