म्हाताऱ्याला उणे तीन: लैंगिक गुन्हेगारांबरोबर काम करणाऱ्यांच्या एका प्रशिक्षणाबद्दल

लैंगिक गुन्हा केलेल्यांचं मूल्यमापन, उपचार आणि देखरेख, असं लांबलचक नाव असलेलं पाच दिवसांचं प्रशिक्षण नुकतंच छत्रपती संभाजीनगरला झालं. संस्थेचं नाव लिहीत नाही. या कामात असाल तर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रक येऊन गेलंच असेल. फी नऊ हजार. कार्यालयाकडून छदाम मिळत नाही. कंत्राटी समुपदेशकाच्या मानधनातून एवढे काढायचे तर घरी जाब द्यावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. कोर्टाला किंवा बाल न्याय मंडळाला अहवाल लिहिणाऱ्यांनी जावं. उपचार करायला शिकू या आशेने जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. बाल न्याय मंडळाचं काम करणाऱ्यांनी आधी आयोजकांना फोन लावावा, कशासाठी ते पुढे येईलच.

हॉलमध्ये परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडची मंडळी होती. परिविक्षा अधिकारी, निरीक्षणगृहातले लोक, कारागृहात जाणारे समुपदेशक, दोन वकील, आणि एक मानसोपचारतज्ज्ञ, जे पहिल्या दिवशीच्या फोटोनंतर दिसले नाहीत. जेवण चांगलं होतं. एसी इतका की सगळ्या बायका स्टोल गुंडाळून बसलेल्या. हँडआउट्स सगळी इंग्रजीत, तीही झेरॉक्सची झेरॉक्स.

पहिले दोन दिवस मूल्यमापनाचे होते आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. आपल्याकडे सामाजिक तपासणी अहवालाचा, म्हणजे आरोपीच्या घरच्या परिस्थितीबद्दल कोर्टाला द्यायच्या अहवालाचा, शेवटचा परिच्छेद ठरलेला असतो. समोरचा रडला की ‘केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप दिसून येतो’, मख्ख बसला की ‘दिसून येत नाही’. पुढचा सगळा निष्कर्ष त्याच ओळीवर उभा. प्रशिक्षकांनी सुरुवात तिथूनच केली. १९९८ साली कार्ल हॅन्सन आणि मोनिक ब्युसिएर या कॅनडातल्या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून पाहिलं की पुन्हा लैंगिक गुन्हा कोण करतो. गुन्हा नाकारणं किंवा पीडितेबद्दल कळवळा नसणं, यांचा पुढच्या गुन्ह्याशी जवळपास काही संबंध निघाला नाही. लहान मुलांकडे असलेली लैंगिक ओढ आणि आधीचे लैंगिक गुन्हे, यांचा निघाला.

मग त्यांनी विचारलं, चार-पाच वर्षांत शंभरातले किती जण पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडत असतील? हॉलमधून सत्तर, ऐंशी, कोणी तर पंच्याण्णव म्हणालं. त्या अभ्यासातला आकडा १३.४ टक्के आहे. हे फक्त नोंद झालेले गुन्हे, खरे त्याहून जास्त असणार, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि ते बरं केलं, कारण मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती. पण मुद्दा डोक्यात बसला. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नसतं. जास्त धोका असलेल्यांवर जास्त ताकद लावायची आणि कमी धोक्याच्या माणसाला उगाच गटउपचारात कोंबायचं नाही. अँड्र्यूज आणि बोंटा यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये मांडलेलं हे सूत्र पाचही दिवस सगळ्याच्या मुळाशी होतं.

दुसऱ्या दिवशी स्टॅटिक-९९आर. पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याची शक्यता मोजणारं दहा प्रश्नांचं साधन, गुण उणे तीन ते बारा. मुलाखतीची गरज नाही, कागदपत्रांवरून भरायचं. सरावाला दिलेली फाइल अशी: बासष्ट वर्षांचे आजोबा, नात, पहिलाच गुन्हा, बायको हयात, मारहाण नाही. आमच्या टेबलावर अंबाजोगाईकडचे एक अधिकारी होते, तेच आकडे मांडत होते. पीडित नात्यातली, म्हणून शून्य. अनोळखी नाही, शून्य. पीडित मुलगा नाही, शून्य. आधीचे गुन्हे नाहीत, शून्य. आणि वय साठच्या वर, म्हणून उणे तीन. बेरीज उणे तीन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. त्यांनी पेन ठेवलं.

“हे काय सांगायलेत सर तुम्ही? म्हातारा सुटायलाय की यात!”

हॉलमध्ये एकदम गलका. बायका तर उठूनच उभ्या राहिल्या. प्रशिक्षकांनी कोणाला गप्प केलं नाही, सगळ्यांना बोलू दिलं, आणि मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: गुन्हा किती गंभीर? पुन्हा करण्याची शक्यता किती? आज रात्री हा माणूस कुठे झोपणार? हे साधन फक्त दुसऱ्याचं उत्तर देतं. पहिल्याचं उत्तर न्यायाधीश देतात. तिसऱ्याचं तुम्ही द्यायचं, आणि नात ज्या घरात आहे त्या घरात हे आजोबा जाणार नाहीत, मग गुण उणे तीन असोत की दहा. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात या तीन प्रश्नांची इतकी स्वच्छ फोड कोणी करून दिली नव्हती. आपल्या अहवालांत हे तिन्ही एकाच वाक्यात कालवलेले असतात.

तरी हे साधन आपल्या मातीत कसं रुजायचं, यावर ते अडखळले. आधीच्या गुन्ह्यांत आरोप आणि शिक्षा दोन्ही मोजतात, ठीक. पण आमच्याकडे आधीचं प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत पोचतच नाही. बैठक बसते, पाटील-सरपंच येतात, मुलीच्या बापाच्या हातात काही टेकवतात, आणि मिटलं. कागदावर शून्य. अख्ख्या गावाला माहीत असलेला माणूस आमच्या तक्त्यात नवशिका ठरतो. यावर उत्तर मिळालं, ‘गावातली माहिती गुणांत धरू नका, अहवालात वेगळी लिहा.’ बरोबर आहे, पण लिहायची कशी, कोणाच्या तोंडून, आणि उलटतपासणीत वकिलाने ‘ऐकीव आहे’ म्हटलं तर काय, यावर एक तास हवा होता.

त्याहून मोठी अडचण माझ्या कपाटात आहे. त्यातल्या निम्म्या फायली एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आणि सतरा वर्षांची पोरगी पळून गेल्याच्या, नाहीतर लग्न लावून दिलेल्या पोरीच्या बाळंतपणात वय उघड झाल्याच्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं, या धास्तीने लग्नं लवकर उरकतात. मग सरकारी दवाखान्यात आधार कार्ड पाहिलं की नवऱ्यावर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखाली गुन्हा. कायदा २०१२ पासून स्पष्ट आहे, अठराच्या आत संमती नाही. पण स्टॅटिकची नियमावलीच म्हणते की जवळपास सारख्या वयाच्या दोघांतल्या राजीखुशीच्या संबंधांसाठी हे साधन वापरू नका. म्हणजे नऊ हजार भरून शिकलेलं मुख्य हत्यार निम्म्या फायलींना लागूच नाही. हे पहिल्या तासाला सांगायला हवं होतं. चौथ्या दिवशी, तेही मी विचारल्यावर कळलं.

उपचाराचा दिवस फिका गेला. सुरुवात मात्र प्रामाणिक होती, त्याला दाद देते. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षं चाललेला मोठा गटउपचार होता. २०१७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला आणि न घेतलेल्या तुलनेच्या गटातल्या ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद करून नवे आणले. उपचार शिकवणाऱ्याने हे आधी सांगणं, हे मला आवडलं. पुढे टोनी वॉर्ड यांचं ‘गुड लाइव्ज मॉडेल’ आलं: माणसाला काय टाळायचं तेवढंच शिकवू नका, कशासाठी जगायचं तेही उभं करा. ऐकायला गोड आहे. पण जोडीजोडीने बसून ‘तुमच्या आयुष्याची ध्येयं’ भरण्याच्या खेळात दुपार गेली. ज्या कारागृहात मला महिन्यातून दोनदा अर्धा तास मिळतो, दाराशी शिपाई उभा असतो आणि शेजारच्या टेबलावर शिधा मोजत असतात, तिथे यातलं काय करू? उत्तर नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात गुन्हा घडण्याआधीच, लहान मुलांकडे वाटणाऱ्या स्वतःच्या ओढीची भीती वाटणाऱ्यांसाठी काम चालतं, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या मदतीने. त्यांच्यापैकी कोणाला तासभर बोलवलं असतं तर त्या दुपारचं सोनं झालं असतं.

वकीलबाईंचं सत्र छोटं पण खणखणीत. परदेशी स्लाइडवर गोपनीयतेबद्दल जे लिहिलंय ते इथे विसरा, असं म्हणूनच त्या उभ्या राहिल्या. समोरच्याने बोलताबोलता दुसऱ्या मुलाचं नाव घेतलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे तुम्हाला कळवावंच लागतं. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पहिल्या भेटीतच, पेन उघडायच्या आधी, ही मर्यादा त्याला सांगा. कशी सांगायची, तेही त्यांनी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. माझं वाक्य त्यांनी तीनदा बदलायला लावलं.

देखरेखीचा भाग चांगला, पण शहरी. अ‍ॅक्यूट-२००७ या देखरेखीच्या साधनात दर भेटीला पाहायच्या सात गोष्टी आहेत: मुलांपर्यंत पोच, राग, लैंगिक विचारांनी व्यापणं, देखरेखीला विरोध, मनाने कोसळणं, आधाराची माणसं तुटणं, नशा. उत्तम यादी आहे. पण आमचा माणूस दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातो तो चैताच्या सुमारास परततो. तिथे कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, एकाला एक चिकटून, दाराला गोणपाट. पहाटे आईबाप फडात, लेकरं कोपीत. मुलांपर्यंत पोच, हा पहिलाच प्रश्न तिथे जाऊन कोण विचारणार? मी म्हटलं, मुकादमाचा नंबर ही माझी देखरेख आहे; उचल म्हणून आगाऊ पैसे दिलेले असल्याने आपला माणूस कुठे आहे ते त्याला पोलिसांपेक्षा जास्त माहीत असतं. सगळे हसले, पण प्रशिक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं. मुकादमाला गुन्ह्यातलं किती सांगायचं, यावर मग खरी चर्चा झाली. त्या दिवसातली तेवढीच कामाची.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ ला सुरू झालेल्या ‘सर्कल्स’चा सराव करून घेतला. सुटून आलेल्या माणसाभोवती चार-सहा स्वयंसेवक, जे त्याला आधारही देतात आणि जाबही विचारतात. आमच्या गटाने एका तांड्यासाठी असं वर्तुळ बनवायचं ठरवलं. पोलीस पाटील आरोपीचा चुलता निघाला, सरपंचबाईंचं सगळं त्यांचे यजमान पाहतात, आशाताईंना आधीच अठरा रजिस्टरं. ग्राम बाल संरक्षण समितीचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. तिची सभा झालेली कोणी पाहिलेली नव्हती. शेवटी मुख्याध्यापक आणि भजनी मंडळातले दोन म्हातारे, अशी नावं निघाली. मला वाटतं तसं वर्तुळ चालूही शकेल.

आता फोन कशासाठी लावायचा ते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं असतं: त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, गुन्हा घडला ती परिस्थिती. या कागदावर तो मुलगा खटल्यात प्रौढ म्हणून उभा राहणार की नाही हे ठरू शकतं. हॉलमधले निम्मे लोक ते शिकायला आले होते. पत्रकात ‘किशोरवयीन’ असा शब्दही होता. प्रत्यक्षात जे-सोॲप-२ या मुलांसाठीच्या साधनाची चार स्लाइड्स, किशोरवयीनांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे शंभरात पाचाच्या आत असतात एवढी एक मोलाची माहिती, आणि चहा. प्रौढांचं साधन या मुलांना लावू नका, हे ठासून सांगितलं. मग काय लावायचं, ते राहिलं. तेव्हा विचारून घ्या: कलम १५ वर पूर्ण सत्र आहे का, आणि ते घेणाऱ्याने स्वतः कधी मंडळापुढे असं मूल्यांकन दिलंय का.

प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी पीडीएफमध्ये आलं, नावात चूक. दुरुस्त करून मागितलं तर दुसरीच चूक.

दुसरा टप्पा उन्हाळ्यात नांदेडला घेणार म्हणे. तारखा ऊसतोड कामगार परतायच्या दिवसांत ठेवू नका, असं मी कळवलंय. त्या दिवसांत आम्हाला कार्यालयातून हलता येत नाही. तारखा बदलल्या आणि कलम १५ ला एक पूर्ण दिवस दिला तर मी पैसे भरते.