मूळ एलपी की संपूर्ण बॉक्स सेट?

जॅझच्या ध्वनिमुद्रणांचा आयुष्यभर संग्रह करणाऱ्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो: निवडक वादनाची मूळ एलपी (लाँग-प्ले तबकडी) घ्यावी, की त्या दिवशी वाजवलेले सारे एकत्र देणारा बॉक्स सेट? पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये केलेले वादन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी बासवादक स्कॉट लाफारो अपघातात गेले आणि म्हणूनच त्या वादनातून निघालेल्या पहिल्या एलपीचा आरंभ आणि शेवट त्यांच्याच रचनांनी केला गेला. ती एलपी म्हणजे एका सहकाऱ्याला वाहिलेली आदरांजली आहे, आणि हा अर्थ बॉक्स सेटमध्ये उरत नाही.

उलट २००५ साली तीन सीडींमध्ये आलेल्या संपूर्ण संचात पाचही बैठका वाजवल्या त्याच क्रमाने ऐकू येतात. वीज गेल्यामुळे मध्येच खंडित झालेली पहिली रचना, श्रोत्यांची कुजबुज आणि पेल्यांची किणकिण हे सारे त्यात आहे. तीच रचना पुन्हा वाजवताना तिघे एकमेकांना कशी वेगळी उत्तरे देतात, हे तिथेच उमगते, आणि माझ्या मते जॅझचा प्राण याच फरकात आहे.

जागा आणि खर्च पाहता एलपी सोयीची. मात्र मोझेकसारख्या कंपनीचे मर्यादित प्रतींचे संच एकदा संपले की सहसा जुन्या बाजारातच शोधावे लागतात, म्हणून आवडत्या वादकाचा संच दिसताच घ्यावा. एलपीसाठी थांबता येते.