हवाई अंतराचे अ‍ॅप: किलोमीटर चोख, मिनिटे कच्ची

लग्न कोल्हापूरला, आत्या जळगावला आणि प्रवासाची आखणी करणारा मी ठाण्यात, नौपाड्यात. या निमित्ताने दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारे एक मोफत अ‍ॅप मी महिनाभर वापरले. अंतराच्या बाबतीत ते भरवशाचे आहे. जळगाव आणि कोल्हापूर निवडताच 498 किलोमीटर, म्हणजे 269 सागरी मैल, असे उत्तर येते; दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी कागदावर ताळा केला, तेव्हा आकडा तेवढाच भरला. नावे देवनागरीत टाकली तर काहीच सापडत नाही, जेएलजी आणि केएलएच ही सांकेतिक अक्षरे रोमन लिपीतच टंकावी लागतात, ही गैरसोय किरकोळ म्हणून सोडून देतो.

खरी तक्रार वेळेची आहे. या 498 किलोमीटरांना अ‍ॅप 37 मिनिटे लावते, कारण ते कोणत्याही अंतराला ताशी 800 किलोमीटरने सरळ भागते. तो वेग मोठ्या जेट विमानाचा. जळगावच्या आखूड धावपट्टीवर प्रामुख्याने उतरणारे एटीआर 72 हे टर्बोप्रॉप विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणजे एवढे अंतर कापायलाच तास हवा. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि उतरण धरली की हिशेब सव्वा तासाच्या खाली येत नाही. मुंबई-कोल्हापूरच्या 309 किलोमीटरांना तर हे अ‍ॅप 23 मिनिटे सांगते, जेव्हा वेळापत्रकात त्यासाठी तासभर तरी धरलेला असतो. मी आत्याला 37 मिनिटांचा आकडा फोनवर वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "अरे, तेवढ्यात माझी डाळसुद्धा शिजत नाही."

त्याहून मोठी उणीव अशी की, त्या दोन गावांमध्ये विमान जाते की नाही, याचा अ‍ॅपला पत्ताच नसतो. आम्हाला हव्या त्या तारखेला थेट विमान नव्हते. मुंबईत बदलायचे म्हटले, तर 356 आणि 309 मिळून 665 किलोमीटर होतात, शिवाय दुसऱ्या विमानासाठी ताटकळणे वेगळे. दोन टप्प्यांची बेरीज अ‍ॅप करत नाही, ती आपणच करायची. ठाणेकरांना खटकेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमाने सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ त्याच्या यादीत अजून आलेला नाही, त्यामुळे घरापासून सांताक्रूझ सोयीचे की उलवे, ही तुलना तिथे करताच येत नाही.

पाचपैकी अडीच तारे देतो, तेही अंतराच्या अचूकपणासाठी. आत्या अखेर महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरला पोहोचली, सोबत भरीत-भाकरीचा डबा घेऊन.